मामा, तुझ्या डब्यांला दम देणारा ॲम्प्लिफायर घावला

मामा, काल तुझा दहावा झाला आन मी तुझा बदला घेतला. पहिले हेच सांगते, कारण काल दुपारधरनं मी ज्याला त्याला हेच सांगत सुटलेय. मामी म्हणती, "बस की आता, किती येळा सांगशील." आईनं तर हातातनं मोबाइल काढून घेतलता. पण ज्याला सांगायचंय त्यालाच अजून सांगितलं न्हाई. म्हणून लिहायलेय. पाहुण्यांच्या ग्रुपवर बी टाकणार हाय, तवा ज्यांना म्हाईत न्हाई त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून लिहिते. तू कंटाळू नको.

तू म्हणशील, बदला कसला, गप बस. जन्मभर तू हेच म्हणला. तुझ्या पिंडाला कावळा बी कसा लगीच शिवला. नदीला पाणी न्हाई, टँकरच्या बादलीत सगळं उरकलं. गुरुजींनी पिंड ठेवला, आमी दहा पावलं मागं सरलो न सरलो तर कावळा आला आन चोच मारून गेला. कुणाला काही वचन द्यायची पाळीच आली न्हाई. थोरले मामा डोळे पुसत म्हणले, "समाधानी जीव होता. काय राहिलं न्हाई त्याचं."

सगळ्यांनी माना हलवल्या. आन माझ्या अंगाचा जाळ झाला, मामा. काय राहिलं न्हाई? सहा वर्सं गावानं तुला बेवडा म्हणलं आन तुझं काय राहिलं न्हाई? तू असशील समाधानी. मी न्हाई.

तर ते डबे. मामा सहकारी सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन होता. आधीच्या एका दुष्काळात गिरणी बंद पडली, तवा गेस्ट हाऊसचं सामान ज्याच्या हाताला लागलं त्यानं नेलं. तिथं दोन स्पीकर होते, फॉरेनचे, जाड लाकडाचे, माझ्या जन्माच्या लई आधीचे. एकट्याला एक उचलंना एवढे जड. मामाला ते वॉचमनच्या घरी घावले. एकावर पाण्याचा माठ, दुसऱ्यावर कोंबडी अंड्यांवर बसलेली. मामानं कोंबडी उठवली न्हाई, आधी घरी जाऊन टोपली आणली, अंड्यांसकट तिला टोपलीत ठेवलं आन मग डब्याला हात लावला. तुझी ही असली कामं मला लई आवडायची. आन ह्याच असल्या कामांनी माझं डोकं बी फिरायचं.

डबे म्हणजे आमच्या घरात हेच दोन. बाकी सगळे डबे "भांडं".

हे डबे लई मानी. साध्या ॲम्प्लिफायरवर बोलतच न्हाईत. घशात काहीतरी अडकल्यागत कुजबुजत्यात. आवाज वाढवला की ॲम्प्लिफायर तापतो आन बंद पडतो. मागं चार ओहम लिहिलंय, पण मी कॉलेजातलं मशीन आणून मोजलं तर एका जागी ते दोनच्या जवळ जातंय. म्हंजी हे डबे ॲम्प्लिफायरच्या नरड्यातनं करंट ओढून घेत्यात. मामाला हे आकडे नको होते. तो एवढंच म्हणायचा, "ह्यांला वॉट नको, दम पायजे."

आन दम हाय का न्हाई ते बघायची मामाची एक कॅसेट होती. गाण्याची न्हाई. गिरणीनंतर मामा दूध सोसायटीत लागला, लाइटीचं काम आन सभेला माइकचं. तिथं सकाळी दूध घालायला लोक येत्यात. एक दिवस मामानं तिथं टेप लावून ठेवला आन रिकाम्या कॅनमधी दूध ओततानाचा आवाज भरून घेतला. पहिली धार पडती तवा तळ धम्म वाजतो, मग कॅन भरत जाती तसा आवाज बारीक होत वर चढतो. डोळे मिटून सांगता आलं पायजे कॅन किती भरली. ज्या ॲम्प्लिफायरवर सांगता येत न्हाई तो मामाच्या दारातनं परत. केजचा एक दुकानदार म्हणला होता, "गाणं लावा की, मामा." तर मामा म्हणला, "गाणं कुणालाबी चांगलंच लागतं. दुधाला लबाडी जमत न्हाई."

आता छावणीचं सांगते.

सहा वर्सांमागचा दुष्काळ. सोसायटीनं चारा छावणी काढली होती, अख्ख्या शिवारातली जनावरं तिथं दावणीला. आमच्या बी दोन गाई होत्या. मी सोळा वर्सांची, शाळा बुडवून गव्हाणीपाशी. एक दिवस छावणी बघायला लांबचे कुणीतरी मोठे साहेब येणार होते. चेअरमन मामाला म्हणले, "ते तुझे फॉरेनचे डबे आण. फोटोत बरे दिसत्यात."

मामा म्हणला, "आणतो, पण सोसायटीच्या ॲम्प्लिफायरवर ते हळूच वाजतील. जोर करू नका, जळंल."

"बरं बरं, तू लाव."

मामानं लावले. त्या ॲम्प्लिफायरच्या मागं स्क्रूची एक पट्टी असती, तिच्यावर ओळीनं आकडे: चार, आठ, सोळा, सत्तर, शंभर. मामानं वायर चारला लावली. भाषण झालं, हळू पण नीट ऐकू आलं. मग बाया उठल्या. त्यांला साहेबांना इचारायचं होतं की टँकर रोजचा ठरलाय तर दोन दिवसांआड कावून येतो. मामा तेवढ्यात जनरेटरला डिझेल टाकायला मागं गेलता. आन चेअरमनचा पुतण्या पिंटू, ज्याचं तवा नवीन नवीन डीजेचं चाललेलं, तो ॲम्प्लिफायरच्या मागं वाकला. मी बघितला त्याचा हात. मला वाटलं वायर घट्ट करायलाय. मग त्यानं पुढनं बटण पूर्ण फिरवलं. टप्प झालं. जळका वास. सगळं गप.

आन चेअरमन बिनमाइकचेच मोठ्यानं म्हणले, "माफ करा साहेब, आमचा ऑपरेटर जरा घेऊन आलाय."

लोक हसले. साहेब बी हसले आन उठले. सभा संपली. बाया तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात तू आला, मामा. हातात डिझेलची कॅन, अंगाला डिझेलचा वास, आन लोक कावून हसायलेत ते तुला कळंना म्हणून तू बी थोडासा हसला. मी ते हसणं विसरले न्हाई. मरेपर्यंत विसरणार न्हाई.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत येऊ नको म्हणून निरोप आला. महिन्याभरात तुझं नाव पडलं पावशेर. शाळेतली बारकी बारकी लेकरं बी "पावशेर मामा" म्हणून हाका मारायची. आन तू? तू खोकल्याचं औषध घेत नव्हता, त्यात नशा असती म्हणून!

मला खरी गोष्ट कळली ती बीडला, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. सर पट्टीवरचा शंभरचा स्क्रू दाखवून म्हणले, हा लांबच्या भोंग्यांसाठी असतो, त्या भोंग्यांत आत वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो, साधा स्पीकर इथं चुकून बी लावायचा न्हाई, ॲम्प्लिफायर जळंल. मी बाकावरनं उठलेच. सर म्हणले, काय झालं? मी म्हणलं, काय न्हाई सर, माझा मामा पिलेला नव्हता.

तशीच यष्टीत बसून गावाकडं आले. तू डब्यांच्या मागच्या, वायर लावायच्या घुंड्या खोडरबरानं घासत बसलेला. मी दम न घेता सगळं सांगितलं, पिंटू, शंभर, हात. तू वर बघितलं बी न्हाई.

"म्हाईत हाय."

"म्हाईत हाय?"

"त्याच दिवशी वायर बघितली मी. शंभराला होती."

"मग बोलला का न्हाईस, मामा?"

तवा तू जे म्हणला ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. तू म्हणला, "कुणाला सांगू? दारू सगळ्यांला कळती, इंजिनेर. ओहम कुणाला कळतो?"

"आन पिंटू?"

"त्यानं चारपेक्षा शंभर मोठा म्हणून लावलं. लेकरानं आकडा वाचला, दुसरं काय."

मला तवा तुझा एवढा राग आला. चोराला माफ करायचं आन स्वतः मान खाली घालून हिंडायचं, ह्याला काय म्हणायचं? मी म्हणलं, ग्रामसभेत सांगू, पेपरात देऊ. तू म्हणला, "एक दिवस हे डबे नीट वाजवून दाखवतो. ऐकलं की लोक आपोआप म्हणतील, हे लावणारा माणूस पिऊन लावत नसंल." बास. एवढीच तुझी वकिली. म्हणून तुला ॲम्प्लिफायर पायजे होता. लोकांना वाटायचं, ह्याला वाजवायचा नाद हाय. नाद कसला, ती केस होती तुझी.

मग आपली चार वर्सं भांडणात गेली. तुला व्हॉल्व्हचाच पायजे. पाटोद्याला जाऊन तू स्वतः बसून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, वर जुन्या रेडिओतल्यागत काचेचे व्हॉल्व्ह लावले, पेटले की घर कसं उबदार दिसायचं. मामी त्याच्यावर हात शेकायची. आवाज गोड, मी न्हाई म्हणत न्हाई. पण दुधाची कॅसेट लावली की पहिली धार पडायची आन तळ वाजायचाच न्हाई. दूध मधूनच सुरू झाल्यागत.

"तळ न्हाई, मामा."

"तळ हाय. तुझ्या कानाला न्हाई."

"मामीला इचार."

मामी आतनं, "मला काय इचारता, मला दोन्ही सारखंच वाटतंय. आधी दळण आणा."

मी कागदावर काढून दाखवायचे: जो ॲम्प्लिफायर आठ ओहमला जेवढं देतो, त्याच्या दुप्पट त्यानं चारला द्यायला पायजे, आन दोनला आल्यावर बी पाठ दाखवायची न्हाई. जो दुप्पट देत न्हाई तो नुसता डबल छातीचा शर्ट घातलेला. तुझा व्हॉल्व्ह खोलीत ठीक हाय, अंगणात शंभर माणसांसमोर तो गळपटतो. तू म्हणायचा, "तू कागद वाचूनच लगीन करशील." मी म्हणायचे, "तू न वाचता केलं, मामीला इचार काय झालं ते." मामी आतनं हसायची. ते दिवस चांगले होते. भांडत होतो पण चांगले होते.

मग ह्या वर्सी लिंबागणेशला एका जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या घरी मला तो घावला. काळा, लोखंडाचा, मागं पंखागत पात्या, आत माझ्या डोक्याएवढा ट्रान्सफॉर्मर. म्हाताऱ्यानं तो कूलरखाली स्टँड म्हणून ठेवलता. मी म्हणलं, काका, दोन ओहमला टिकतो का? म्हातारा उठून बसला. म्हणला, "वीस वर्सांत हा प्रश्न कुणी इचारला न्हाई. ह्याच्यावर कुठलेबी डबे टाक पोरी, ह्यो मागं हटत न्हाई." मी तो दुधाच्या टेम्पोत घालून आणला. दोन माणसांनी उतरवला. मला एवढं वाटलेलं की तू बघून उडीच मारशील.

तू दारात उभा राहिला. इचारलं, "व्हॉल्व्ह का ट्रान्झिस्टर?"

"ट्रान्झिस्टर. पण मामा, एकदा ऐक..."

"माझ्या दारात न्हाई."

"न ऐकताच?"

"पत्र्याचा आवाज ऐकायला कान कशाला लागत्यात?"

आन मी बोलून गेले, मामा. "मग मरू दे. तुझे डबे मुकेच राहू दे."

तू म्हणला, "राहतील."

मी ॲम्प्लिफायर शेजारच्या गोठ्यात पोत्याखाली टाकला आन बीडला निघून गेले. फोन केला न्हाई. तू बी केला न्हाई. आन मग तुझ्या छातीत कळ आली आन अंबाजोगाईच्या वाटंतच तू गेला. आपल्यात शेवटचा शब्द "राहतील". असला शब्द कुणी ठेवून जातं का? मला तुझा बी बदला घ्यायचा होता, खोटं कशाला बोलू. तुझ्याच अंगणात, तुझ्याच डब्यांवर, माझा ॲम्प्लिफायर.

तर कालचं.

आपल्याकडं कुणाचाबी दहावा असो, पुढारी येतो आन माइक धरतो. त्याला मेलेल्याचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. त्यात सोसायटीची निवडणूक आलेली. चेअरमन येणार हे मला म्हाईतच होतं. मी दोन दिवस आधीच डबे अंगणात काढून पुसून ठेवले. गोठ्यातनं माझा ॲम्प्लिफायर आणला. आन घरातनं आणखी एक वस्तू काढली, सोसायटीचा तोच जळलेला ॲम्प्लिफायर. त्यांनी भंगारात टाकलेला, तू आणून दुरुस्त करून ठेवलेला. तो टेबलावर मांडला, पाठ लोकांकडं करून. पिन बोर्डात घातलीच न्हाई. डब्यांच्या वायरी नुसत्या लोंबत सोडल्या.

प्रवचन झालं. चेअरमन पांढऱ्या कपड्यात पुढं बसलेले, शेजारी पिंटू, आता पोट सुटलंय त्याचं. त्याच्याकडं आता डीजेचा तयार सेट असतो, नुसतं प्लग घालायचं, असल्या स्क्रूला कितीक वर्सांत त्यानं हात लावला नसंल. मी आवाज एकदम बारीक करून म्हणलं, "पिंटूदादा, काकांच्या भाषणाला तेवढं वायर लावून दे की. कुठं लावायचं मला कळंना."

"काय गं, कॉलेजात काय शिकलीस मग?" म्हणत आला. चार माणसं हसली. त्यानं वायरीची टोकं दातानं सोलली, पट्टीकडं बघितलं, आन मामा, तुझी शप्पथ, त्याचा हात सरळ गेला शंभराला. स्क्रू आवळला. हात झटकले.

"दादा, चारला न्हाई लावायचं?"

"चारला काय येतंय? शंभराला लाव, दणका येतो."

मी टेबलावर चढले. चेअरमन त्या दिवशी बिनमाइकचे बोललेले, मी बी बिनमाइकचीच बोलले. "सगळ्यांनी हिकडं बघा. ह्या वायरी कुठं लावल्यात ते बघा. छावणीत त्या दिवशी ॲम्प्लिफायर जळला तो हितं वायर लावल्यानं."

"ए पोरी," चेअरमन म्हणले, "दहाव्याला हे काय लावलंय? उतर खाली."

"उतरते. आधी टँकरचं सांगते."

उठायला लागलेले सगळे परत बसले. ह्या वर्सी टँकर म्हणल्यावर कोण उठून जाईल? मी म्हणलं, "समजा हे डबे म्हंजी मोठ्या तोंडाचा रांजण. ह्याला भरायचा तर टँकर मोठा पायजे, बारका टँकर एका दमात रिकामा. मामा हेच म्हणायचा, दम पायजे. आता हा शंभरचा स्क्रू म्हंजी डोंगरावर पाणी चढवायची मोटार. लांबच्या पाइपलाइनला ती चालती. पण पाइपलाइन तोडून मोटारीचं पाणी सरळ रांजणात सोडलं, पुढं काही अडवणूकच न्हाई, तर मोटारीचं काय होतं?"

"जळती," मागनं चार-पाच बाप्ये एकदम म्हणले. मोटारी जाळायचा सगळ्यांला अनुभव.

"मग छावणीत कुणी सोडलं?"

गयाबाई आजी, जी त्या दिवशी टँकरचं इचारायला उभी राहिली होती, पुढं आली. चष्मा वर करून ती पट्टीवरच्या आकड्याकडं बघत राहिली. मग म्हणली, "म्हंजी त्यो पिला न्हवता व्हय?"

"न्हाई, आजी."

"आन आमी सहा वर्सं..." तिनं पदर तोंडाला लावला.

आन आता ऐक, मामा, हे मी ठरवलं बी नव्हतं. पिंटू त्या स्क्रूकडं बघत उभा होता. त्याचं तोंड उतरलेलं. तो चुलत्याकडं वळून म्हणला, "काका, त्या दिवशी बी मी हितंच लावली होती. मी तुमाला गाडीत सांगितलं होतं की, बटण जादा फिरवलं, माझ्या हातनं जळला म्हणून."

"गप बे!" चेअरमन म्हणले.

पण आता गप कुठलं. सगळ्यांच्या माना चेअरमनकडं वळल्या. तू म्हणला होता लेकरानं आकडा वाचला. तेवढं तुझं खरं निघालं. मी पिंटूसाठी सगळा सापळा लावला आन सापळ्यात त्याचा काका घावला. आन मला किती बरं वाटलं सांगू? पाप लागू दे, पण लई बरं वाटलं.

मी खाली उतरले, वायरी सोडवल्या, माझ्या काळ्या ॲम्प्लिफायरला लावल्या, कॅसेट घातली. कुणाला काही सांगितलं न्हाई. पहिली धार पडली आन तळ वाजला, मामा. धम्म. छातीत वाजला. समोर सगळे दूध घालणारे लोक, त्यांला काय सांगावं लागतंय? आवाज चढत गेला तशा माना वर व्हायल्या. कुणीतरी म्हणलं, "अर्धी." मग "पाऊण." आन शेवटाला एक बाई न राहवून ओरडली, "आरं बास कर, सांडंल!" सगळं अंगण हसलं. ह्या खेपेला तुझ्यावर न्हाई.

मग मी माइक चेअरमनच्या हातात दिला. "आता बोला काका. श्रद्धांजली." त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली, मनमिळावू, कष्टाळू, असलं काहीतरी सुरू केलं. मी म्हणलं, "आधी छावणीचं ते." गयाबाई म्हणली, "हां, आधी ते." मागनं आणखी आवाज आले. चेअरमननं माइक तोंडापासून लांब धरला आन पुटपुटले, "त्या दिवशी तो पिलेला नव्हता."

लांब धरून काय उपेग? त्यांनी गिळलेला आवंढा बी लिंबाच्या झाडापर्यंत ऐकू आला. ते जेवायला थांबले न्हाईत. त्यांचं ताट मी स्वतः उचलून ठेवलं आन मला त्याची काडीची लाज वाटली न्हाई.

आता एक गोष्ट कबूल करते, आन ही ग्रुपवर वाचून कुणी दात काढू नका. आज सकाळी घर मोकळं झाल्यावर मी डबे परत खोलीत घेतले, तुझा व्हॉल्व्हवाला पेटवला आन तीच कॅसेट लावली, हळू. मला जिंकल्याची खात्री करायची होती. तळ आजबी न्हाई. पण मधीच कुणीतरी म्हणतंय, "हळू वत, फेस येईल." तो तू हायस. कॅसेटवर तूच हायस, मामा, आन मला एवढ्या वर्सांत ते कधी ऐकूच आलं न्हाई, कारण मी कायम तळ शोधत होते. काळ्या ॲम्प्लिफायरवर बी ऐकलं मग. ते शब्द तिथं हायत, पण कुणाचेबी वाटत्यात. व्हॉल्व्हवर तू शेजारी उभा. मी मामीला हाक मारली. ती दाराला धरून उभी राहिली, ह्या टायमाला दोन्ही सारखंच म्हणली न्हाई.

म्हणून भांडण अर्धं अर्धं. अंगण माझं, खोली तुझी. तेवढं त्या दिवशी दारात उभ्या उभ्या ठरवलं असतं तर काय बिघडलं असतं आपलं? तू हट्टी, मी तुझ्यापेक्षा हट्टी. "मुके राहू दे" म्हणले ते मागं घेते. तू तुझं "राहतील" मागं घे.

पण चेअरमनचं मी मागं घेत न्हाई. तू म्हणशील, झालं की, बोलला ना तो, सोड आता. न्हाई सोडत. एक वाक्य पुटपुटायला त्याला काय लागलं? सहा वर्सं तुझी गेली.

आज दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी आलते. पुढच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा हाय. म्हणले, सभासद बाया अडून बसल्यात, आवाज तुझ्याच डब्यांवर पायजे, कालच्यागत ऐकू आलं पायजे. मग खाली मान घालून हळूच म्हणले, "फक्त चेअरमनसाहेबांचा एक निरोप हाय. माइक स्टेजवरच ठेवायचा. खाली फिरवायचा न्हाई."

मी म्हणलं, बरं काका, येते मी.

ते गेल्यावर मी गयाबाईच्या घरी गेले. इचारलं, आजी, सभेत तुमी बाया कुठं बसता? म्हणली, "कुठं बसणार, एकदम मागं, चपलांपाशी." मग मी सोसायटीच्या हॉलमधी जाऊन स्टेजपासून चपलांपर्यंत पावलं टाकून मोजून आले. छत्तीस भरली. माइकची वायर मी चाळीस पावलांची करायलेय.